मृत्युपत्र, नॉमिनी, वारस नोंद: घरच्यांसाठी काय काय आधीच करून ठेवायचं

बाबा 2019 ला गेले. दिवसकार्य उरकल्यावर आई, ताई आणि मी असे तिघं त्यांचं लोखंडी कपाट उघडून बसलो. आत एलआयसीच्या तीन पॉलिसी, पतसंस्थेच्या दोन ठेव पावत्या, 1994 सालचे कागदी शेअर्स, फ्लॅटचा करारनामा, गावच्या जमिनीचा हाताने लिहिलेला सातबारा ज्यावर अजून आजोबांचंच नाव, आणि एक लॉकरची किल्ली. किल्ली कुठल्या बँकेची हे आईला माहीत नव्हतं, आम्हाला तर नव्हतंच. शेवटी सगळी पासबुकं घेऊन बसलो तेव्हा एकात दरवर्षी लॉकर भाडं कापलेलं दिसलं, तेव्हा कुठे बँक सापडली. बाबा पैशाच्या बाबतीत फार नेटके होते, कर्ज एक रुपयाचं नाही, पण आपल्यामागे हे कुणी कसं सोडवायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते निस्तरायला आम्हाला अडीच वर्षं लागली. त्यात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय, ज्यांनी अजून काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी.

आणि "आमच्याकडे कुठे एवढी इस्टेट आहे" असं म्हणून हे बाजूला ठेवू नका. वन बीएचके, पीएफ, दोन एफडी आणि गावाकडे काही गुंठे एवढं असलं तरी हे सगळं लागतं, उलट कमी असलं तर अडकून पडलेले दोन लाखसुद्धा घराला जास्त जाणवतात.

पहिलं काम: वही

वकील नंतर, आधी एक वही. त्यात काय काय आहे आणि कुठे आहे ते लिहायचं. बँक, शाखा, खातं एकट्याचं की जॉइंट, एफडी, पोस्टाच्या योजना, पीएफचा यूएएन नंबर, पॉलिसी नंबर, म्युच्युअल फंड, डीमॅट, लॉकर, घराचे कागद, सातबाऱ्याचा गट नंबर, गाडी, सोनं, आणि हो, देणं सुद्धा. कुणाला उसने दिलेत, कुणाचे घेतलेत, कुणाच्या कर्जाला जामीन राहिलात, हे घरच्यांना सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वाईट पद्धतीने कळतं. वारसाला कर्ज फक्त त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतंच फेडावं लागतं, स्वतःच्या खिशातून नाही (तो स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी), पण हे माहीत नसल्यामुळे घाबरून दागिने मोडणारी माणसं मी पाहिलीयत.

पासवर्ड वहीत लिहू नका, पण फोन कसा उघडायचा हे एका भरवशाच्या माणसाला माहीत असू द्या कारण आता ओटीपी सगळा त्या फोनवर येतो. वही कुठे आहे हे निदान दोघांना सांगा. आणि दरवर्षी एक दिवस ठरवून ती अपडेट करा, आम्ही पाडव्याला करतो.

जुन्या विसरलेल्या ठेवी असतील असं वाटत असेल तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, 10 वर्षं हात न लागलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात, त्या तिथे नावाने शोधता येतात आणि वारसाला परतही मिळतात. शेअर्सवरचा लाभांश सलग 7 वर्षं घेतला नाही तर ते शेअर्स आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातात, तिथूनही परत मिळवता येतात पण फॉर्म आणि कागदांचा त्रास बराच होतो.

दुसरं काम: नॉमिनी तपासा, आणि नॉमिनी म्हणजे कोण ते समजून घ्या

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, मी पण चुकलो होतो. सोसायटीत बाबांनी नॉमिनी म्हणून माझं एकट्याचं नाव दिलेलं, तर मला प्रामाणिकपणे वाटत होतं की फ्लॅट आता माझा. तसं नाहीये. नॉमिनी हा पैसे किंवा मालमत्ता ताब्यात घेणारा माणूस, मालक नव्हे. मालकी मृत्युपत्राप्रमाणे ठरते आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. सुप्रीम कोर्टाने विम्याच्या बाबतीत हे 1983 लाच सांगितलं होतं आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये परत स्पष्ट केलं. सोसायटीतसुद्धा नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेतात, कायमचं नाव लागायला मृत्युपत्र, कोर्टाचा वारस दाखला किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेला कागद लागतो. म्हणजे आमच्या फ्लॅटमध्ये आई, ताई आणि मी तिघांचा सारखा हिस्सा होता.

याला एक अपवाद लक्षात ठेवा, आयुर्विमा. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा किंवा बायको, आणि मुलं यांच्यापैकी कुणी नॉमिनी असेल तर विम्याची रक्कम त्यांचीच होते. ज्याचा स्वतःचा धंदा आहे, डोक्यावर कर्ज आहे, त्याने टर्म इन्शुरन्स घेताना 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यायचा, प्रपोजल फॉर्मसोबत तो पर्याय असतो, मग ती रक्कम बायको-मुलांसाठी राखली जाते आणि सावकाराला किंवा बँकेला त्यावर हात टाकता येत नाही. पॉलिसी घेतानाच करावं लागतं, नंतर नाही.

मालक नसला तरी नॉमिनी असणं फार गरजेचं आहे बरं का, कारण नॉमिनी असला की बँक मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र बघून पैसे देते, नसला की मागे लागते कागदांची रांग. आमच्या त्या लॉकरला नॉमिनी नव्हता, आई बँकेत सात वेळा गेली आणि दर वेळी नवीन कागद सांगितला गेला. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, ठेवींसाठी टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक असे, लॉकरसाठी फक्त एकामागून एक. पीएफचं नॉमिनेशन लग्न झाल्यावर नव्याने भरावं लागतं, हे नव्वद टक्के मित्रांनी केलेलं नसतं असा माझा अनुभव आहे, आजच पोर्टलवर जाऊन ई-नॉमिनेशन बघा. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफसोबत ईडीएलआयचा विमाही असतो, कमाल 7 लाखांपर्यंत, त्याचा क्लेम लावायचा असतो हे घरच्यांना माहीतच नसतं.

काहीच लिहून ठेवलं नाही तर कुणाला किती

हिंदू वारसा कायदा 1956 हा हिंदू, बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागतो. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा. आई हयात असेल तर तिला मिळतो, वडिलांना मिळत नाही, हे ऐकून बरेच जण चकित होतात. "सगळं बायकोलाच जाणार ना" असं गृहीत धरणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असला तरी गेलेल्याचा अर्धा हिस्सा आपोआप दुसऱ्याला जात नाही, तो वारसांमध्ये वाटला जातो.

बाईच्या बाबतीत कायदा वेगळा आहे आणि माझ्या मते अन्यायाचा आहे. तिच्या मालमत्तेत आधी नवरा आणि मुलं. ती नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि त्यांच्यानंतर तिचे स्वतःचे आईवडील. म्हणजे मूलबाळ नसलेली विधवा, स्वतःच्या पगारातून घर घेतलेलं, आणि ती गेली तर ते घर दिराकडे जाऊ शकतं, तिला शिकवलेल्या आईकडे नाही. आईवडिलांकडून वारशाने आलेलं असेल आणि मूल नसेल तर तेवढं वडिलांच्या वारसांकडे परत जातं, पण तिची कमाई नाही. त्यामुळे कमावत्या प्रत्येक बाईने, लग्न झालेलं असो नसो, मृत्युपत्र करावंच. ताईला हे समजलं त्या आठवड्यात तिने केलं.

मुलींचा हक्क: 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मानेच मुलाएवढा वाटा आहे, लग्न झालेलं असलं तरी, आणि 2005 आधी जन्मलेली असली तरी. वडील तेव्हा हयात असायला हवेत का यावर वाद होता, तो 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने मिटवला, गरज नाही. "हुंडा दिला, लग्न करून दिलं, आता हक्क नाही" याला कायद्यात काही जागा नाही.

मुस्लिम कुटुंबात वाटे शरियतप्रमाणे ठरतात आणि वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं. ख्रिश्चन आणि पारशी लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा, त्यात लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. गोव्यात तर सगळंच निराळं, तिथे पोर्तुगीज काळापासूनची पद्धत आहे, नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात आणि मुलं असतील तर आपल्या वाट्याचा अर्धाच भाग मनासारखा देता येतो, उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव. गोव्याचे असाल तर तिथल्याच वकिलाकडे जा, पुण्या-मुंबईच्या सल्ल्यावर जाऊ नका.

तिसरं काम: मृत्युपत्र

साध्या कोऱ्या कागदावर चालतं. स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, रजिस्टर करणं ऐच्छिक आहे. हाताने लिहा किंवा टाइप करा, मराठीत लिहा, ज्या भाषेत विचार करता त्या भाषेत. कायद्याला लागतं ते एवढंच की करणारा सज्ञान आणि शुद्धीत असावा, त्याने सही करावी, आणि दोन साक्षीदारांनी त्याची सही बघून त्याच्यासमोर सह्या कराव्यात. या दोन साक्षीदारांवर सगळं उभं असतं, पुढे वाद झाला तर कोर्ट त्यांच्यापैकी एकाला तरी बोलावतंच. म्हणून वयाने लहान, सहज सापडतील असे, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही असे साक्षीदार घ्या. मुलगा, सून, जावई नकोत.

मजकूर असा सुरू करा: मी अमुक, वय इतकं, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे माझं शेवटचं मृत्युपत्र करत आहे, याआधीची सगळी मृत्युपत्रं मी रद्द करत आहे. मग मालमत्तेची यादी, पूर्ण वर्णनासकट, फ्लॅट नंबर, गट नंबर, खाते नंबर. मग कुणाला काय. मग तो माणूस तुमच्याआधी गेला तर कुणाला, ही ओळ लोक विसरतात. आणि एक वाक्य अजिबात सोडू नका: "वर उल्लेख न केलेली आणि यापुढे माझ्या नावे होणारी उर्वरित सर्व मालमत्ता अमुकला मिळावी." नाहीतर मृत्युपत्रानंतर केलेली एफडी परत वारसा कायद्यात जाऊन पडते. शेवटी अंमलबजावणी कोण करेल त्याचं नाव, त्याला आधी विचारून. तारीख, प्रत्येक पानावर सही.

एखाद्या मुलाला कमी द्यायचं असेल किंवा काहीच द्यायचं नसेल तर कारण दोन ओळीत लिहा, शांतपणे, अपमान न करता. आमच्या ओळखीच्या एका आजींनी लिहिलं होतं, "मोठ्याला घर घेताना मी मदत केली आहे, म्हणून हे धाकट्याला." एवढ्या एका ओळीने ते घर फुटलं नाही. वय जास्त असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवशी डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा की पेशंट शुद्धीत आहे, निर्णय घेऊ शकतो.

रजिस्टर करायचं तर दुय्यम निबंधक कार्यालयात दोन्ही साक्षीदार घेऊन जायचं. मी तरी करा म्हणेन, कारण मग "सही खोटी आहे" म्हणायला जागा कमी राहते आणि मूळ कागद हरवला तरी नोंद असते. पण रजिस्टर केलेलं मोठं आणि साधं लहान असं नसतं, शेवटच्या तारखेचं खरं मृत्युपत्र लागू होतं. कितीही वेळा बदलता येतं.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे यावर कोर्टाचा शिक्का. मुंबईतल्या मालमत्तेसाठी ते वर्षानुवर्षं सक्तीचं होतं, ती सक्ती करणारं भारतीय वारसा कायद्याचं 213 वं कलम 2025 च्या शेवटी संसदेने काढून टाकलं. वारसांमध्ये वाद असेल तर प्रोबेट घेणं आजही शहाणपणाचं.

जिवंतपणीच नावावर करून द्यायचं का

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा वारलेल्या मुलाच्या बायकोला बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, वर ठिकाणाप्रमाणे स्थानिक अधिभार. स्वस्त आहे म्हणून लोक भराभर करतात. माझं मत विचाराल तर डोक्यावरचं छप्पर बक्षीस देऊ नका. बक्षीसपत्र झालं की त्या क्षणी मालकी गेली, मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्रात शेवटच्या श्वासापर्यंत घर तुमचंच असतं. तरीही द्यायचंच असेल तर "माझा आयुष्यभर सांभाळ करण्याच्या अटीवर" असं बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्या. मग सांभाळ झाला नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या 23 व्या कलमाखाली प्रांत ऑफिसच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर लढाई फार अवघड होते.

कुलमुखत्यारपत्राच्या (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) भरवशावर तर राहूच नका. देणारा माणूस गेला की त्याच क्षणी ते संपतं. तसंच गेलेल्याचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढणं, कितीही गरज असली तरी करू नका, पुढे वारसांमध्ये तोच भांडणाचा मुद्दा होतो.

गावची जमीन

आमची तीन एकर, म्हणजे 120 गुंठे, आजोबांनी स्वतः घेतलेली. आजोबा 1998 ला गेले, आजी 2006 ला, दोघांचं मृत्युपत्र नाही, आणि बाबा, काका, दोन आत्या या चौघांपैकी कुणीच वारस नोंद केली नाही. चौघांना प्रत्येकी 30 गुंठे. बाबांचे 30 आई, ताई, मी यांच्यात, प्रत्येकी 10. हिशोब असा दोन ओळीत होतो पण सातबाऱ्यावर यायला दोन पिढ्यांचे मृत्यूचे दाखले, वारसांची प्रतिज्ञापत्रं, सगळ्यांचे पत्ते लागले. खरं तर माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारस नोंदीचा अर्ज द्यायचा असतो, ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही होतो, मग फेरफार (नाव बदलाची नोंद) पडतो, नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. 2025 ला सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली ती याचसाठी, मयत खातेदारांची नावं गावोगाव तशीच पडून होती.

आता आत्यांचा विषय. गावात पद्धत अशी की वारस नोंद झाली की लगेच बहिणींना बोलवायचं, जेवण, साडी, आणि हक्कसोडपत्रावर सही. काकांनी तसंच सुचवलं. मी आणि ताईने दोन्ही आत्यांकडे स्वतंत्र जाऊन आधी सांगितलं की तुमचे 30 गुंठे आहेत, आज त्याचा भाव काय चालू आहे, सही केली तर तो हक्क कायमचा जातो, आणि नाही केली तरी आमचं येणं-जाणं तसंच राहील. मोठ्या आत्याने सोडला, म्हणाली मला तिथे येऊन कोण करणार. धाकट्या आत्याने ठेवला. तिचा मुलगा आता त्यात हळद लावतो. काका वर्षभर नाराज होते. पण हक्कसोडपत्र रजिस्टर करावं लागतं, सही करणाऱ्याला काय लिहिलंय ते समजलेलं असावं लागतं, फसवून घेतलेली सही पुढे कोर्टात उलटते, आणि कोर्टाचं सोडा, आत्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

थोडक्यात उरलेलं

मुलं लहान असतील तर मृत्युपत्रात त्यांचा पालक कोण हे लिहा, आई आणि वडील दोघंही एकाच अपघातात गेले तर काय, हा विचार नकोसा वाटतो पण तेवढ्यासाठीच लिहायचं. परदेशात असाल तर इथल्या मालमत्तेचं वेगळं मृत्युपत्र करा आणि एकाने दुसरं रद्द होणार नाही अशी ओळ दोन्हीत घाला. एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही पण वारशाने मिळू शकते. वारसा कर आपल्याकडे 1985 पासून नाही, पण मिळालेलं घर विकलं तर भांडवली नफ्यावर कर आहे, त्यात मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात, म्हणून जुने करारनामे आणि पावत्या फेकू नका. ज्या वर्षी माणूस जातो त्या वर्षीचं त्याचं इन्कम टॅक्स रिटर्न वारसाला भरावं लागतं.

माणूस गेल्यानंतर पहिलं काम म्हणजे मृत्यूचा दाखला, 21 दिवसांच्या आत नोंद, आणि किमान दहा प्रती. नाव, स्पेलिंग आधारशी जुळतंय का ते तिथेच बघा, आमच्याकडे बाबांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं आणि ते दुरुस्त होईपर्यंत चार महिने सगळं थांबलं. नॉमिनी नसलेल्या ठेवी आणि शेअर्ससाठी कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट लागू शकतं, महाराष्ट्रात त्याची कोर्ट फी रकमेनुसार, जास्तीत जास्त 75,000 रुपये, वकिलाचे वेगळे.

फ्लॅटचं शेवटी असं झालं की ताईने आणि मी आमचे हिस्से हक्कसोडपत्राने आईच्या नावावर केले, ती आम्हाला नको म्हणत असताना. मग तिने स्वतःचं मृत्युपत्र केलं, साक्षीला शेजारची दोन तरुण मुलं आणि सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट. त्यात काय आहे ते तिने आम्हा दोघांना एकत्र बसवून वाचून दाखवलं. मूळ प्रत लॉकरमध्ये आहे, लॉकरला आता नॉमिनी आहे, आणि किल्लीला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधलाय, त्यावर बँकेचं आणि शाखेचं नाव तिच्याच अक्षरात.